तिसऱ्यांची राखण गावाच्याच हाती



ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या गोळा करणे हा कोकणातील अनेक कुटुंबांचा, विशेषतः भगिनींचा, पिढीजात व्यवसाय आहे. यात पेरणी नाही, खत नाही. म्हणून हे पीक कधी संपणारच नाही, असे आपण धरून चालतो. हा समज किती महाग पडतो, ते केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराने दाखवून दिले आहे.

तेथील तिसरी आपल्याकडे मिळते त्याच जातीची. निर्यातीची मागणी वाढली आणि १९९१ मध्ये उत्पादन सुमारे १०,००० टनांवर गेले. पुढील दोनच वर्षांत ते निम्म्यावर आले. अंडी देण्याआधीच बारीक तिसरी उचलली जात होती.

मग केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या सल्ल्याने पुढील बंधने आली :

१. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात तिसऱ्या काढणे बंद.
२. जाळ्याचा आस ३० मि.मी. पेक्षा लहान नको.
३. किलोला १,४०० पेक्षा जास्त नग भरतील असे बारीक मांस निर्यात करू नये.

तिसऱ्या बंधनामुळे बारीक माल काढण्याचा मोहच कमी झाला.

तीन महिने चूल कशी पेटायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एकाने बंदी पाळायची आणि दुसऱ्याने रात्री खाडीत उतरायचे, तर पाळणाराच बुडतो. म्हणून असा नियम गोळा करणाऱ्या सर्वांनी मान्य केला तरच टिकतो. अष्टमुडीत मच्छीमार, निर्यातदार, शास्त्रज्ञ व शासन एकत्र बसले. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. पुढे उत्पादन पुन्हा घटले, तेव्हा २०२४ मध्ये उबवणी केंद्रातील बीज सरोवरात सोडावे लागले. राखण एकदा करून भागत नाही, ती दरवर्षी करावी लागते.

आपल्या गावी काय करता येईल? तिसऱ्या काढणाऱ्या सर्व घरांची बैठक घ्या. त्यात भगिनींना पुढे बसवा, कारण खाडीची खरी माहिती त्यांनाच असते. रोज किती टोपल्या निघाल्या, त्याची वहीत नोंद ठेवा. आपल्या खाडीतील प्रजननकाळ शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालयाच्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्या आणि त्या काळातील पर्यायी कामाची तजवीज आधीच करा. बारीक तिसरी जागच्या जागी चिखलात परत सोडा.

बियाण्याचे भात शिजवून खाणारा शेतकरी मृगात काय पेरणार? खाडीचेही तसेच आहे.