बंडखोर आपल्या जिल्ह्यातला

रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवरून किनाऱ्यानं उत्तरेला जात राहिलं, की दापोली तालुक्यातलं मुरूड-हर्णै लागतं. शिल्पकार सदानंद बाकरे यांनी अखेरची वर्षं तिथं काढली. २००७ साली ते गेले.

जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या बाकऱ्यांचा हात हुबेहूब व्यक्तिशिल्पांत मुरलेला. तरी १९४७ मध्ये चित्रकार सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये उतरले. गटाचं भांडण दोन गोष्टींशी: कलाशिक्षणातल्या विलायती शिस्तीशी आणि बंगाली शैलीच्या हळवेपणाशी. पण बंडालाही भांडवल लागतंच! सूझांनी युरोपच्या अभिव्यक्तिवादातून जाड, काळी रेघ उचलली. हुसेन १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात जुनी शिल्पं, लघुचित्रं पाहून भारावले. बाकरे १९५१ साली लंडनला गेले आणि अमूर्त शिल्पांत रमले.