दुसऱ्या गावाने दिलेलं नाव
(कडा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

कडेकर मंडळी,

'कडेकर' म्हणालो खरा, पण कड्यात राहणाऱ्याला कुणी कडेकर म्हणत नाही. नगरला, पुण्याला बिऱ्हाड केलं की तिथले लोक हे नाव देतात. 'कर' लागलेलं आडनाव बहुधा दुसऱ्या गावाने ठेवलेलं असतं. कुळाची वाट शोधायची तर सुरुवात तिथून करावी.

होळकरांचंच पाहा. होळ हे नीरेकाठचं गाव. मल्हारराव लहान असतानाच त्यांचे वडील वारले. आई लेकराला घेऊन खानदेशात तळोद्याला, भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे गेली. पुढे त्याच मुलाच्या नावाबरोबर होळ इंदूरला पोहोचलं. १७३३ साली त्या घरात सून म्हणून गेली ती चोंडीची लेक अहिल्या. चोंडी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातली. १७६७ ते १७९५ या काळात त्या कुळाचा कारभार अहिल्याबाईंनी सांभाळला. एक बाई माहेरी परतली, एक सासरी गेली. या दोन वाटा वगळल्या तर होळकरांचा इतिहास सांगता येईल का?

नाशिकला रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारलं आणि कापडात बांधलेली लांबट वही सोडली. पणजोबांची मोडीतली सही निघाली, शेवटच्या अक्षरावर शाईचा ठिपका. खाली मुक्कामाचं गाव होतं, ते आमचं नव्हतंच! आम्ही कुठून तरी आलो होतो, हे मला त्या ओळीने सांगितलं. पुढे चार मुलांची नावं. मुली होत्या, हे आजीकडून ऐकलेलं. वहीत एकही नाही.

चीनमध्येही कन्फ्यूशियसच्या कुंग घराण्याची वंशावळ छापतात. तिथे पिढीगणिक नावात एक अक्षर ठरलेलं असतं. दोन अनोळखी कुंग भेटले तरी काका कोण, पुतण्या कोण ते कळतं. २००९च्या आवृत्तीत वीस लाखांवर नावं आली आणि मुलींची नावं पहिल्यांदाच घातली गेली. इतक्या जुन्या घराण्याने चूक दुरुस्त केली, मग आपल्याला काय अडचण आहे?

कुळाची वाट शोधायला आपल्याकडे साधनं आहेत. कुलदैवत कुठलं, लग्नात देवक कशाचं, ते विचारा. तहसिलीत १९५४चं जमिनीचं खासरा पत्रक पाहा. पण सगळ्यात आधी आजीजवळ बसा. तिचं माहेर कुठलं, ती कड्याला कशात बसून आली, बरोबर कोण होतं, हे कुठल्याच दप्तरात नाही.

आणि आपल्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. तिथे कोपीत जन्मलेल्या नातीचं नाव आजच घरच्या वहीत घाला, त्या फडाच्या गावासकट. नावापुढे जागा मोकळी सोडा. ती कुठे जाते, ते तिथे लिहायचं आहे.