नकाराचा खर्च



हे अध्यक्षपद मी स्वेच्छेने स्वीकारलं, असं आत्ताच प्रास्ताविकात सांगण्यात आलं. आपल्या कार्यवाहांचा फोन ज्यांनी कधी घेतला आहे, त्यांना या ‘स्वेच्छे’त किती पाणी आहे ते ठाऊक आहे.

इच्छास्वातंत्र्यावर बोलायचं तर बेंजामिन लिबेटच्या १९८३च्या प्रयोगाचं नाव निघतंच. बोट हलवावंसं वाटतंय हे माणसाला जाणवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते, असं त्याला आढळलं. त्यावरून बरेच जण इच्छास्वातंत्र्याला मूठमाती देऊन मोकळे झाले. खुद्द लिबेटने मात्र एक जागा राखून ठेवली होती : सुरू झालेली कृती ऐनवेळी रोखण्याची. मला या नकारातच रस आहे. पण प्रयोगशाळेतल्या नकाराला काही मोजावं लागत नाही, म्हणून मी मुंबईच्या हायकोर्टात, रखमाबाईंच्या खटल्याकडे जातो.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सासरी गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली.

आपण वर्गात शिकवतो की पर्याय असले की निवड आली. इथे पर्याय दोन होते आणि दोन्ही कोर्टाने ठरवलेले. मग हे स्वातंत्र्य कसलं? माझ्या मते, ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती ते आपल्यावर बंधनकारक कसं, हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हाच त्या स्वतंत्र झाल्या होत्या. कैदेची तयारी ही त्या प्रश्नाची पुढची पायरी.

पण त्यांना एकाकी वीरांगना करू नका. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं होतं. वडिलांची मालमत्ता होती, वाचनाची गोडी होती, वर्तमानपत्रात ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने लिहायची सोय होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. पुढे रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्याच वेळी गिरगावातल्या एखाद्या मोलकरणीने हाच नकार दिला असता, तर तिच्या वकिलाची फी कोणी भरली असती? इच्छा प्रत्येकाला असते. नकार परवडायला माणसं लागतात, पैसा लागतो.

या खटल्यात टिळक रखमाबाईंच्या विरोधात होते. त्याच टिळकांनी पुढे मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना दिलं. कर्माच्या साखळीतही माणसाला प्रयत्नाची मोकळीक उरते, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. आत्म्याला दिलेली मोकळीक बावीस-तेवीस वर्षांच्या सुनेला का नाही, हा प्रश्न त्या प्रकरणाशेजारी ठेवूनच ते शिकवावं, असं माझं मत आहे.

रखमाबाई १९५५ मध्ये वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि नांदायला येण्याचा दावा त्याच्या कलम ९ मध्ये राहिला. कैद १९२३मध्येच गेली होती. हुकूम मोडल्यास मालमत्तेवर जप्ती मात्र येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. दुपारच्या सत्राला वकील मंडळी येणार आहेत. तेव्हा कांटचं तत्त्वज्ञान थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्यांना कलम ९बद्दल विचारा.