चष्मा उतरतो, डोळा तोच राहतो
(नेत्रविभागाच्या वतीने वार्षिक सभेत केलेले भाषण)



भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसरने प्राणिज ऊतक आसपास न भाजता कोरून दाखविले. लघुदृष्टीवरील आजची लेसर शस्त्रक्रिया त्याच शोधातून उभी राहिली. नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि पोलीस अकादमी यांच्या सान्निध्यात वाढलेली, भरतीची स्वप्ने पाहणारी मुले आम्हांस विचारतात, ‘‘नंबर केव्हा जाईल?’’ पुढील तीस वर्षे कसे दिसेल, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता येणे म्हणजे उत्तम दृष्टी नव्हे. रात्री बाहुली विस्तारते; लेसरने सपाट केलेल्या भागाच्या कडेवरून प्रकाश आत शिरला, तर कसारा घाटात समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. नवीन यंत्रांमुळे हा त्रास घटला आहे. तथापि मोठ्या नंबरात त्याची शक्यता अधिक. बहुतेकांची नजर समाधानकारक राहते. काहींना डोळ्यांचा कोरडेपणा जाणवतो, काहींचा थोडा नंबर वर्षांनंतर परततो. चाळिशी तर कोणालाच चुकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लेसर कॉर्नियाचा आकार बदलते; लांबट डोळा लांबटच राहतो. म्हणून पडद्याची नियमित तपासणी आयुष्यभर हवी. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो व काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाल्यास नेहमीच्या मापनाने लेन्सची शक्ती चुकू शकते. अशा वेळी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व कॉर्नियाची मापे यांचा जुना कागद फार मोलाचा ठरतो.

नातेवाईकांना आमची विनंती आहे : ती फाईल घराच्या खरेदीखताइतकीच जपून ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरांना लेसर झाल्याचे आवर्जून सांगा. देणगीदारांना सांगावेसे वाटते की, आपल्या देणगीचे सार्थक शस्त्रक्रियांच्या संख्येइतकेच नंतरच्या तपासण्यांतही आहे; आणि पातळ कॉर्निया किंवा न स्थिरावलेला नंबर पाहून एखाद्या मुलाला ‘‘चष्माच बरा’’ असे सांगण्यातही आहे.