फळाचा श्वास आणि त्याचे वेष्टन

झाडावरून उतरविलेला आंबा निर्जीव होत नाही. देठापासून तुटल्यावरही त्याचे श्वसन चालूच राहते. तो प्राणवायू घेतो, कर्बवायू सोडतो, अंगची साखर खर्चितो आणि पाणी गमावतो. पिकू लागताच त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि शेजारच्या फळांनाही पिकण्याची घाई होते. एका अतिपक्व आंब्याने सारी करंडी बाधते, ती यामुळेच.

गोव्या-कोकणातील बागाईतदार आंबा भाताच्या पेंढ्यात घालतो. पेंढा धक्क्यापासून जपतो, पण ऊबही धरतो. आढीत ती हितकर असते, दूरच्या प्रवासात मात्र घातक. भोके पाडलेली पन्हळी पुठ्ठ्याची पेटी ही ऊब बाहेर जाऊ देते.

पॉलिथिनच्या पातळ पिशवीत प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि श्वसन मंदावते. हिरव्या केळ्यांच्या पिशवीत पोटॅशियम परमँगनेट शोषविलेली पुडी ठेविल्यास इथिलीन नष्ट होतो व केळी अधिक दिवस हिरवी राहतात. परंतु पिशवी सर्वस्वी हवाबंद झाली, तर फळ गुदमरते; ते आंबते व त्यास मद्याचा वास येतो. थंडीचाही अतिरेक नको. सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याची साल काळवंडते.

दुखावलेले फळ कोणतेही वेष्टन सुधारीत नाही. देठासह अलगद काढून, चीक निथळून, निवडलेले फळच त्यात टिकते. वर्षभर झाड राखणाऱ्याचे श्रम अखेरच्या आठवड्यात नासू नयेत, हेच वेष्टनाचे खरे प्रयोजन होय.