बाईंना काय द्यावं?

५ सप्टेंबर, राधाकृष्णन यांची जयंती, जवळ आली की लेकरं म्हणतात, "बाईंना गिफ्ट द्यायचंय, पन्नास रुपये दे." ज्या घरी मजुरी बुडालेली असते, तिथलं लेकरू त्या दिवशी शाळेलाच जात नाही. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, लेकरांकडून वर्गणी नाही. आया जमेल तसे पाच-दहा रुपये देतील, कोणी किती दिले ते सांगायचं नाही, आणि सगळ्या वर्गाची भेट एकच.

फुलांना मुदखेडात काय तोटा? गुलाब आपल्याच शेतातला. पण काचेचा ताजमहाल नको, तो पुसत बसायचं बाईंनीच! कितीतरी बाई नांदेडहून रेल्वेनं येतात, त्यात दिवस पावसाचे. डबा, पाण्याची बाटली, छत्री मावेल अशी जाड कापडाची पिशवी द्या. आतून रेक्झीन लावलं की तपासायला नेलेल्या वह्या भिजत नाहीत. साडीच्या भानगडीत पडूच नका, खर्च कुठल्या कुठं जातो.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही गरम पातेलं उतरवायला दोन जाड फडकी शिवून द्या.

पिशव्या गटाकडून शिवून घ्यायच्या तर ऑगस्टच्या बैठकीतच सांगा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत आमची मशीन रिकामी नसते.