ठासणीची बंदूक : हंगामाआधीची तयारी
(भाषणाचा मजकूर)



भात पोटरीला आले की रानडुकरांची धाड पडते, आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका पुष्कळांकडे आहेत. वर्षभर पडून असलेली बंदूक तशीच भरू नका. तिची तयारी कशी करावी ते आज पाहू.

भरलेली की रिकामी?
काडतुसाची बंदूक उघडून पाहता येते. ठासणीच्या बंदुकीला ती सोय नाही. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. खुंटीवर केप नाही म्हणजे बंदूक रिकामी, असेही नाही. गेल्या हंगामातला बार आत तसाच असू शकतो.

उपाय अगदी सोपा आहे. नळी रिकामी असल्याची खात्री असेल तेव्हा ठासणीचा गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडापाशी गजावर चाकूने खूण करा. पुढे बंदूक हाती घेताना प्रत्येक वेळी आधी केप काढा, तोंड बाजूला ठेवा आणि गज आत सोडा. खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार आहे किंवा काही अडकले आहे. जुना बार घरी उकरू नका. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तो काढून घ्या.

सफाई
काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते. आपल्याकडच्या पावसात नळी आतून गंजायला वेळ लागत नाही. नुसते तेल फिरवून ही काजळी जात नाही, ती पाण्याने सुटते. म्हणून रिकाम्या नळीत साबणाचे कढत पाणी घाला, गजाला चिंधी गुंडाळून घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. केप बसवायच्या खुंटीचे भोक बारीक तारेने मोकळे करा. मग कोरड्या चिंध्या फिरवून पातळ तेलाचा हात द्या. भरण्याआधी मात्र हे तेल पुसून काढा, नाहीतर दारू भिजते आणि बार फुकट जातो.

नळीला चीर, खोल गंज किंवा फुगवटा दिसला, घोडा अर्ध्यावर थांबत नसला किंवा दस्ता तडकला असला, तर बंदूक वापरू नका.

भरताना
काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. नळी फुटून हात जातो. दारू डब्यातून सरळ नळीत ओतू नका, आत ठिणगी राहिली असेल तर डबा हातातच पेटेल. माप वेगळे ठेवा आणि बिडी दूर ठेवा. दारू व छर्रे यांत पोकळी राहता कामा नये. ठासताना तोंडावर वाकू नका. केप सर्वांत शेवटी, आणि तीही शेतात जागेवर पोचल्यावरच लावा. माचाणावर चढताना बंदूक रिकामीच हवी. बार उडाला नाही तर तोंड तसेच मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. कधी कधी बार उशिराने उडतो.

कायदा
परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्यानेच वापरायची. वडील वारले म्हणून ती आपोआप मुलाची होत नाही, पोलीस ठाण्यात कळवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे आहे, तारीख पाहून ठेवा.

परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. गवा आणि मोर यांच्या वाटेला तर जाऊच नका. नुकसान होताच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा मार्ग तोच आहे.

शेवटचे, पण सर्वांत मोलाचे. अंधारात झुडूप हलले म्हणून बार काढू नका. तिकडे तुमच्यासारखाच राखणीला आलेला शेजारी असू शकतो. जनावर पुरते ओळखू आले नाही आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसले नाही, तर बोट चापावर जाता कामा नये. गेलेले भात पुढच्या वर्षी पुन्हा येईल, गेलेला माणूस येत नाही.